दोन वाजून बावीस मिनिटं

१

तिसऱ्यांदा स्विच बंद पडला तेव्हा तीन नंबरच्या टेबलावरची बाई ओरडली नाही. तिनं कच्च्या कागदावर ‘२:४५’ लिहिलं. त्याच्या वर ‘११:२०’ आणि ‘१:१०’ आधीच लिहिलेले होते. मग तिनं हात वर केला.

नेटवर्किंगच्या या प्रात्यक्षिक परीक्षेत नावं नसतात, टेबलांचे नंबर असतात. हॉलमध्ये चार टेबलं, प्रत्येकावर एक संगणक. काचेपलीकडच्या थंड खोलीत चार रॅक, प्रत्येकात सहा यंत्रं. परीक्षार्थीनं यंत्रांना हात लावायचा नाही. टेबलावर बसून आज्ञा टाइप करायच्या आणि साडेआठ ते साडेचार या वेळात सहा यंत्रांचं चालतं जाळं उभं करून दाखवायचं. स्विच ही त्यातली मधली पेटी. कुणाचा निरोप कुणाकडे जायचा ते ती ठरवते. ती गेली की बाकीची पाच यंत्रं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

परीक्षक सर सावकाश चालत आले. “पुन्हा?”

“पुन्हा. आपोआप बंद झाला, सुरू झाला, आणि कोरा होऊन आला.”

“म्हणजे तुम्ही सेव्ह केलं नव्हतं.”

“दर दहा मिनिटांनी करतेय, सर.”

“केलं असतं तर कोरा कसा आला असता? सेव्ह केलेलं यंत्र विसरत नाही. माणूस विसरतो.”

“स्विच बदलून द्या. नियमात आहे.”

“यंत्र बिघडलं असेल तर आहे. हे चालू आहे. हिरवा दिवा दिसतोय ना?” सरांनी आपल्या वहीत नोंद केली : ‘२:४५. तीन नंबर, तिसऱ्यांदा हात वर. यंत्र व्यवस्थित.’

पहिल्या वेळी तिनं सगळं आठवून पुन्हा टाइप केलं होतं. त्यात चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून ती लिहिलेली प्रत्येक ओळ संगणकावर बाजूला उतरवून ठेवत होती. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी नुसतं चिकटवायचं काम उरलं, तरी पेटी उठून बसायला लागणारा वेळ आणि पुन्हा सगळं तपासण्याचा वेळ कुणी परत देत नव्हतं. पास व्हायला ऐंशी गुण लागतात. तिला शहात्तर पडले.

हा तिचा तिसरा प्रयत्न होता. तीन वेळा नापास झालं की दोन वर्षं बंदी. तिच्या ऑफिसातली नेटवर्कप्रमुखाची जागा एक तारखेला भरायची होती, आणि प्रमाणपत्राशिवाय त्या खुर्चीकडे बघायचीही सोय नव्हती. यंत्राच्या बिघाडाची तक्रार अठ्ठेचाळीस तासांत सिद्ध झाली तर निकाल रद्द होतो. नाही झाली तर तो कायम.

तक्रारीच्या अर्जात ‘मागणी’ अशी एक चौकट होती. तिनं तिथं लिहिलं : ‘हे कुणी केलं ते त्या माणसाला समोर बसवून मला सांगावं.’

खिडकीतला कारकून म्हणाला, “ताई, इथं फेरपरीक्षा लिहितात.”

“ती खाली लिहिलीय,” ती म्हणाली. “दुसऱ्या नंबरवर.”

२

मुख्य कार्यालयातून आलेल्या तपासणीस बाईंना मागे सगळे ‘चिमटा’ म्हणत. बारीक वस्तू त्या हळूच उचलत आणि मग सोडत नसत. पन्नाशी उलटलेली, आवाज इतका खाली की समोरच्याला पुढे वाकावं लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या संचालिका मॅडमच्या केबिनमध्ये बसल्या होत्या.

“मॅडम, उगाच राईचा पर्वत होतोय,” संचालिका म्हणाल्या. “नापास झालेला प्रत्येक जण यंत्राला शिव्या देतो.”

“तीनदा वेळ लिहून ठेवून कुणी शिव्या देत नाही,” तपासणीस बाई म्हणाल्या. “रॅकमधल्या एखाद्या यंत्राची वीज कुठून बंद करता येते?”

“दोन संगणकांवरून. एक परीक्षक सरांच्या टेबलावर, एक मागे लॅबवाल्याकडे. पण त्याची नोंद फक्त एक दिवस राहते. आज सकाळी साफ झाली.”

“सोयीचं आहे.”

तीन नंबरवाली दाराशीच उभी होती. तिला आत बोलवायला लागलं नाही.

“मी सांगते कोण ते. दोन नंबरच्या टेबलावर आमच्याच ऑफिसातला माणूस होता. त्या खुर्चीसाठी आम्ही दोघंच आहोत. गेलं वर्षभर मला पाण्यात बघतोय.”

“तो रॅकपर्यंत पोहोचला कसा?”

“लॅबवाल्याला धरून. मागच्या आठवड्यात दोघं जिन्यात हसत होते.”

“हसणं गुन्हा नाही.”

“बाई,” ती म्हणाली, “तीनदा हात वर केला मी. शाळेतल्या पोरीसारखा. तिन्ही वेळा मला सांगण्यात आलं की तू विसरलीस. मला ते चार गुण नकोत. मला तो माणूस हवाय.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची आई इतक्या मोठ्यानं बोलत होती की केबिनभर ऐकू येत होतं. “सोडून दे ग बाई. वर बसलाय तो बघून घेईल.”

“त्याला स्विच लावता येत नाही, आई. मीच बघते.” तिनं फोन ठेवला.

तपासणीस बाई पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी विचारलं, “सेव्ह केलेलं असूनही यंत्रानं कोरं उठावं, असं एक सेटिंग असतं. ते तपासलं होतं?”

तिचा चेहरा उतरला. “घरी जाताना बसमध्ये सुचलं. हॉलमध्ये नाही सुचलं.”

“मी आज सकाळी तपासलं,” तपासणीस बाई म्हणाल्या. “ते सेटिंग जसं हवं तसंच आहे. तुमचा स्विच धुतल्या तांदळासारखा स्वच्छ आहे.”

३

लॅबवाल्याला सगळे ‘पक्कड’ म्हणत. ती त्याच्या मागच्या खिशात कायम असे, आणि कुणी काही विचारलं की तो आधी ती काढून हातात घेई.

“मॅडम, नोकरी जाईल का माझी?”

“काय केलंत त्यावर आहे.”

“काहीच नाही केलं! परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी चोवीसच्या चोवीस यंत्रं बंद करून चालू करून पाहिली. सगळी शहाण्यासारखी आपलं आपलं आठवून उठली. हा बघा तक्ता.”

“तीन नंबरचा स्विचसुद्धा?”

“तो म्हातारा? हो, तोपण. दोनदा लिहून दिलं की नवा आणा. आत घड्याळाचा सेलच नाही त्याच्या. वीज गेली की कामाचं सगळं आठवतं, पण साल विसरतो. कुठल्या तरी जुन्या वर्षातल्या एक मार्चला, रात्री बाराच्या ठोक्याला जाऊन बसतो. आमचे सासरे असेच आहेत. डुलकी लागून उठले की विचारतात, माझी रजा संपली का.”

“ते सेटिंग, सेव्ह केलेलं न वाचता उठायचं, ते कशासाठी वापरता तुम्ही?”

“पासवर्ड हरवला की. यंत्राला सांगायचं, डोळे मिटून ऊठ. आत शिरायचं, पासवर्ड बदलायचा, मग सांगायचं, आता नेहमीसारखं ऊठ. परत सांगायला विसरलं तर बोंब. दर वेळी कोरंच उठणार.”

“आणि परत सांगितलं की?”

“की काही कळत नाही, मॅडम. माग राहत नाही.” त्यानं पक्कड उघडली, मिटली. “काल साडेचारला परीक्षा संपली. चार चाळीसला मी बाहेर पडलो, वडिलांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पाचची वेळ होती. ही पावती. तीन दाढा काढल्या. डॉक्टरला विचारा, वडिलांना विचारू नका, त्यांना बोलता येत नाहीये.”

“हॉलची किल्ली?”

“एकच आहे. सरांच्या गळ्यात.”

जाता जाता तो वळला. “ताईंच्या स्विचची वीज कुणीतरी बंद केली, एवढं मी सांगतो. स्विच म्हातारा आहे, पण चक्कर येऊन पडणारा नाही.”

“मग काल का नाही सांगितलंत?”

तो दाराच्या कडीकडे बघत राहिला. “मला कुणी विचारलंच नाही. सरांनी वहीत लिहिलं, यंत्र व्यवस्थित. त्यांच्यापुढे मी कोण?”

४

परीक्षक सरांचा सदरा इस्त्रीचा होता आणि टेबलावर सगळ्या वस्तू काटकोनात होत्या. तपासणीस बाईंना त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

“मी बाईंच्या विरोधात नाही,” ते म्हणाले. “हुशार आहेत. पण घाई करतात. मी वीस वर्षं शिकवतोय. पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. यंत्राला हात लावला की, हात उचलण्याआधी सेव्ह. मग काम असो नसो. माझी बोटं झोपेतसुद्धा सेव्ह करतात, बायको हसते मला.”

“परीक्षा संपल्यावर काय केलंत?”

“लेखी देतो ना.” त्यांनी लगेच लिहून दिलं, रेघेवर सरळ अक्षरात : ‘चार तीस ते चार चाळीस या वेळात चारही रॅकमधल्या सेव्ह केलेल्या फायली तपासणीसाठी गोळा केल्या आणि सीलबंद केल्या. हॉलला कुलूप लावलं. चार चाळीस ते पाच संचालिका मॅडमच्या केबिनमध्ये. पाचला घरी. साडेचारनंतर कोणत्याही यंत्राला कुणीही हात लावलेला नाही. किल्ली माझ्याकडेच होती.’

“सही करा.”

त्यांनी केली. “आणखी काही?”

“तुम्हाला ती आधीपासून माहीत होती?”

“कोण? तीन नंबर?” सरांनी पेन टोपणात घातलं. “चेहऱ्यानं नाही.”

संचालिका मॅडमनी वेळा मान्य केल्या. चार चाळीसला तीन नंबरवाली केबिनमध्ये भांडायला आली, म्हणून त्यांनी सरांना तडक बोलावून घेतलं होतं. बरोबर पाचला सर निघाले. नंतर सहापर्यंत ती तिथंच बसून अर्ज लिहीत होती. “उठेना. पाणी दिलं तर पाण्याकडेच रागानं बघत होती.”

म्हणजे पक्कड दाताच्या डॉक्टरकडे, तीन नंबरवाली आणि संचालिका केबिनमध्ये, आणि सर घरी. यंत्र स्वच्छ, वीजनोंद कोरी. तक्रारीच्या अठ्ठेचाळीस तासांतले चोवीस संपत आले होते.

तपासणीस बाईंनी सीलबंद पाकीट मागवलं. सीलवर सरांच्या अक्षरात वेळ होती : ४:४०. त्यांनी ते फोडलं आणि तीन नंबरच्या स्विचची फाइल वाचायला घेतली. सेव्ह झालेल्या प्रत्येक फायलीच्या डोक्यावर, ती शेवटची कधी सेव्ह झाली ते यंत्र स्वतः लिहितं. इथं लिहिलं होतं : एक मार्च, दोन वाजून बावीस मिनिटं.

५

“दोन बावीस!” तीन नंबरवाली उभी राहिली. “दोन बावीसला मी सेव्ह केलेलं नाही. त्या वेळी मी दुसऱ्या यंत्रावर होते. आणि दोनच्या पुढेच टाय उठला होता! बाहेर जाऊन दहा मिनिटांनी आला!”

‘टाय’ म्हणजे दोन नंबरवाला. उन्हाळा असो, सुट्टी असो, टाय सुटत नसे. तपासणीस बाई काही बोलायच्या आत ती कॉरिडॉरमध्ये पोहोचली होती. तो जबाबासाठी बाकावर बसला होता.

“दोन बावीसला कुठे होतास?”

“काय?”

“काल. दुपारी. कुठे गेला होतास उठून?”

“बाथरूमला!”

“दहा मिनिटं?”

“पोटात गोळा आला होता माझ्या! आता त्याचाही अर्ज भरू का?”

“खुर्ची हवीय ना तुला? माझं वाटोळं करून बसणार होतास तिच्यावर?”

“कुठली खुर्ची?” तो इतक्या हळू बोलला की तिला थांबावं लागलं. “एकोणसत्तर पडलेत मला. तुझ्याहून सात कमी. माझं कुणी बंदही पाडलं नव्हतं. ऑफिसात अजून सांगितलं नाही, आणि तू सांगितलंस तर बघ.”

ती तशीच उभी राहिली. राग जायला जागा उरली नाही की माणूस कसा दिसतो, ते टायनं जवळून पाहिलं. त्यानं बाकावर सरकून जागा केली. ती बसली नाही.

“वर्षभर मला पाण्यात का बघत होतास मग?”

“कारण तू चांगली आहेस कामाला. डोक्यात जातं ते.”

तपासणीस बाई दारात येऊन उभ्या होत्या. “भांडण झालं असेल तर आत या,” त्या म्हणाल्या. “दोन बावीस ही दुपारची वेळ नाही.”

“मग काय पहाटेची?”

“पहाटेचीसुद्धा नाही. उद्या सकाळी दहाला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावते. तुमच्या अर्जातली पहिली मागणी पुरी करायला.”

६

सकाळी दहा. साडेसहा तास उरले होते. चारही टेबलं रिकामी, काचेपलीकडे चोवीस हिरवे दिवे. संचालिका, सर, पक्कड, टाय आणि तीन नंबरवाली भिंतीकडेला बसले. तपासणीस बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. नुसतं बोलल्या, आणि सगळे पुढे वाकले.

“यंत्राची वेळ बघण्याआधी यंत्राला वेळ कळते का, ते विचारायचं असतं. हा स्विच म्हातारा आहे. घड्याळाला सेल नाही. वीज गेली की त्याचं घड्याळ शून्यावरून सुरू होतं, जुन्या कुठल्या तरी एक मार्चला, रात्री बारापासून. परीक्षेत कुणी त्याची वेळ लावून दिली होती?”

“मी नाही,” तीन नंबरवाली म्हणाली. “तिसऱ्यांदा उठल्यावर कुठला वेळ?”

“म्हणजे दोन बावीस ही खरी वेळ नाही. वीज आल्यापासून किती वेळ गेला, त्याचं हे मोजमाप आहे. दोन तास बावीस मिनिटं. शेवटची वीज कधी गेली ते दोघांनी लिहिलंय. यांनी कच्च्या कागदावर, सरांनी आपल्या वहीत. दोन्हीकडे दोन पंचेचाळीस.”

टायनं बोटांवर मोजलं. “पाच वाजून सात.”

“दोन-तीन मिनिटं इकडे-तिकडे. परीक्षा संपली साडेचारला, म्हणजे यांचं कुठलंही सेव्ह एक तास पंचेचाळीसच्या पुढचं असूच शकत नाही. पाचनंतर कुणीतरी या स्विचमध्ये शिरलं होतं. कशाला? त्याला डोळे मिटून उठायला परीक्षेआधी सांगितलं होतं, ते रद्द करायला. पक्कड म्हणतात तसं त्याचा माग राहत नाही. ते करायला सेव्ह करावंही लागत नाही.”

“मग केलं का?” संचालिकांनी विचारलं.

“सवय. यंत्राला हात लावला की हात उचलण्याआधी सेव्ह. काम असो नसो.”

सरांनी मांडी बदलली नाही. “ही सवय इथल्या प्रत्येकाला आहे. माझेच विद्यार्थी आहेत सगळे.”

“बरोबर. म्हणून सवयीवर मी कुणाला धरत नाही.” त्यांनी सरांचा जबाब टेबलावर ठेवला, शेजारी फोडलेलं पाकीट. “तुम्ही लिहून दिलंत की फायली चार चाळीसला गोळा करून सील केल्या. सीलवरही तुमच्याच हातानं चार चाळीस लिहिलंय. तर मग, सर, चार चाळीसला बंद झालेल्या पाकिटात पाच वाजून सात मिनिटांची फाइल आली कशी?”

संचालिकांनी पाकीट उचलून सीलवरची वेळ वाचली. तपासणीस बाई थांबल्या नाहीत.

“तुम्हाला फायली गोळा करायला वेळच मिळाला नव्हता. मॅडमनी तडक बोलावलं. पाचला तुम्ही घरी गेला नाहीत, हॉलमध्ये आलात. घाई आधी कशाची होती, तर खुणा पुसायची. ते केलंत, बोटांनी सेव्ह केलं, आणि मग फायली गोळा केल्यात. उलट क्रमानं केलं असतंत तर मी आज रिकाम्या हातानं परतले असते. किल्ली एकच आहे, आणि ती कुणाकडे होती ते तुम्ही सही करून दिलंय.”

पक्कड पुटपुटला, “कुंपणानंच शेत खाल्लं.”

७

सरांनी गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

“नवं हॉस्पिटल,” ते तीन नंबरवालीला म्हणाले. “तीन वर्षांपूर्वीचं. नेटवर्कच्या तारा टाकायचं कंत्राट. आठवतंय?”

तिनं किल्लीवरून नजर वर केली. “चारशे ऐंशी पॉइंट. त्यातले एकशे बारा मी नापास केले. ते तुम्ही होतात?”

“शिकवणं सांभाळून चालवलेली माझी कंपनी होती. अकरा माणसं होती तिच्यात. मी तुम्हाला पाहिलं नाही कधी, फक्त सही पाहिली. ‘काम नाकारलं.’ आठ दिवस मागितले होते दुरुस्तीला. सात फोन केले. तुम्ही एकही घेतला नाहीत.”

“विजेच्या तारांना चिकटवून टाकल्या होत्या तुम्ही. आणि चाचणीचे कागद खोटे होते. अतिदक्षता विभागातले पॉइंट होते ते.”

“आठ दिवस!” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “कुणी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, हात वर करून बसलं आणि समोरचा म्हणाला चूक तुझीच, की कसं वाटतं ते यांनाही एकदा कळू दे. परीक्षेच्या अर्जावरची सही बघितली आणि ओळखली.”

“एकदा?” ती म्हणाली. “तीनदा केलंत.”

“पहिल्या वेळी तुम्ही चाळीस मिनिटांत सावरलात,” सर म्हणाले. “मला तीन वर्षं लागली होती.”

संचालिका मॅडम मधे पडल्या. यंत्राची छेडछाड सिद्ध झालीच होती. निकाल रद्द, फेरपरीक्षा उद्याच, फी माफ. “राहता राहिलं यांचं. पूर्ण तक्रार झाली तर जन्माची बंदी, आणि पोलीस. सेंटरही बंद होईल. किंवा हे राजीनामा देतील, गपचूप. तुम्ही सही केलीत तरच तक्रार पुढे जाते. दोन मुलं शिकतायत यांची. बघा, मोठं मन करा.”

ती टेबलावरच्या किल्लीकडे बघत होती. “उद्या मी याच टेबलावर बसणार,” ती म्हणाली. “याच स्विचवर. परीक्षक म्हणून या बाई. आणि हे बाहेर बाकावर बसतील, साडेआठपासून. उठायचं नाही. माझी परीक्षा संपली की बाहेर येऊन मी काय ते सांगेन.”

“म्हणजे विचार कराल?” सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काहीतरी उजळलं होतं, आणि ते तिथल्या सगळ्यांना दिसलं.

“बसा तर खरं,” ती म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ती आली. तपासणीस बाईंना तिनं एक पाकीट दिलं, दोन वाक्यं बोलली आणि आत जाऊन बसली. सर बाकावर होते. इस्त्रीचा सदरा, गुडघ्यावर डबा. ती त्यांच्यासमोरून गेली तेव्हा ते अर्धवट उठले.

स्विच दिवसभर नीट चालला. तिनं तो एकदाही नजरेआड होऊ दिला नाही. वीज आली तसं आधी सेटिंग तपासलं, मग त्याच्या घड्याळाला वेळ लावून दिली, मगच कामाला हात घातला. बाराला तिचं अर्धं जाळं उभं होतं. बाहेर टाय येऊन कॉरिडॉरमधून डोकावून गेला, आणि दाराच्या काचेतून तिला अंगठा उंचावल्यासारखं काहीतरी करून पळाला.

दोन वाजायच्या आधी तिचं सगळं झालं. पक्कड मागून आपल्या संगणकावर बघत होता. तो तपासणीस बाईंजवळ येऊन कुजबुजला, “मॅडम, सहाच्या सहा बोलतायत. एकही चूक नाही. ताई उठत का नाहीत?”

तपासणीस बाईंनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. सरांनी डबा उघडलाच नव्हता. दर थोड्या वेळानं ते दाराकडे बघत आणि पुन्हा ताठ बसत.

“वेळ आहे त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या.

तीन नंबरवालीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. ती काही टाइप करत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत ती अडीच तास बसून राहिली, आणि ती कंटाळलेली दिसली नाही.

साडेचारला घंटा झाली. तपासणीस बाईंनी तिथंच गुण मोजले. चौऱ्याण्णव. तिनं आकडा पाहिला, मान हलवली, पर्स उचलली आणि बाहेर आली.

सर उभे राहिले. एकाच जागी बसून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी भिंतीला हात लावला. “झाली? चांगली गेली?”

“चांगली गेली.”

“मी राजीनामा लिहून आणलाय.” त्यांनी खिशातून घडी काढली. “तुम्ही म्हणाल तसा शब्द बदलतो. मुलांना मी अजून...”

तिनं घडी घेतली नाही. ती तपासणीस बाईंकडे वळली. “पोहोचलं?”

“आठ पंचविसाला पाठवलं. नऊच्या आत मुख्य कार्यालयातून पोच आली. पोलिसांना ते तिथूनच कळवतात.”

सरांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. “काय पाठवलं?”

“माझी सही,” ती म्हणाली. “पूर्ण तक्रार. आत जायच्या आधीच केली होती.”

“आधी?” त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. घडी हातातच राहिली. “सगळं ठरलं होतं, तर मला इथं दिवसभर बसवलंत कशाला?”

तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सरळ केला.

“परीक्षा आठ तासांचीच असते, सर,” ती म्हणाली, आणि जिन्याकडे निघाली.